नारिंगी बाटलीचे चाळीस दिवस

सोमवार, ३ मार्च २०२५
संध्याकाळी ६.४०

डोळ्यांच्या डॉक्टरांनी पप्पांचं ऑपरेशन पुढे ढकललं. उपाशीपोटी साखर २१८. दीडशेच्या खाली आणा, मग डोळ्याला हात लावतो, म्हणाले. ४ एप्रिलला पुन्हा तपासणी. गोळ्या त्याच. वर फुकटचा सल्ला: मास्तर, रोज तासभर चालत जा. पप्पांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षं ते प्रत्येक डॉक्टरला हेच बोट दाखवतात.

ईस्टरच्या आदल्या रात्री चर्चमधल्या विधीत पहिलं वाचन पप्पांचं असतं. एकतीस वर्षं. रिक्षात म्हणाले, यंदा तुझ्या भावाला सांगू. मग चष्मा काढून पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता. दोष उजव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूचा, आणि डावाही त्याच वाटेवर.

आईच्या वेळी मी नुसती बघत राहिले. तिलाही साखरच होती. या वेळी बघत राहणार नाही.

शिवाय आता मला अज्ञानाचं निमित्त नाही. वनस्पतींतली नैसर्गिक संयुगं आणि रोगप्रतिबंध, हा तीन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स मी जानेवारीत ८७ टक्क्यांनी पूर्ण केला. (दुरुस्ती: ८६.५.) झाड पळू शकत नाही. कीड, बुरशी, ऊन यांच्याशी लढायला ते जागच्या जागी रसायनं तयार करतं. तीच रसायनं आपण खातो आणि तीच आपल्यासाठी लढतात. इतकं साधं आहे. जगाला कळत नाही, कारण जग तळलेले बोंबील खातं.

बुधवार, ५ मार्च. राखेचा बुधवार
सकाळी ९.१५

चर्चमधून, मिस्साहून आलो. कपाळावर राख असतानाच घोषणा केली.

आमच्या घरी ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात प्रत्येकजण काहीतरी सोडतो. माझा भाऊ ऑस्कर बिअर सोडतो. वहिनी चॉकलेट सोडते. पप्पा चहातली साखर सोडतात, जी त्यांना नऊ वर्षांपासून मनाच आहे. मी जाहीर केलं की यंदा सगळं घर मिळून सोडेल: पाव, तळण, पांढरा भात, मटण आणि मासे. त्याजागी रोज पाच रंगांच्या भाज्या, आणि प्रत्येकी अर्धा लिटर मिश्रण. गाजर, लाल भोपळा, ओली हळद, आवळा, लसूण, कारल्याचा रस, मिरी आणि एक चमचा तेल. तेल नसेल तर कॅरोटीन अंगी लागत नाही, मिरी नसेल तर हळद. मी प्रत्येक घटकासमोर कारण लिहून तक्ता फ्रिजवर लावला.

सँड्रावहिनी म्हणाली, सोडायचं असतं ते स्वतःचं, दुसऱ्याचं नाही. आणि मासे तर चर्चलाही चालतात, तुला का चालत नाहीत?

ही वहिनी तुळिंजच्या एका लॅबमध्ये रक्त काढते. रोज पन्नास माणसांना सुई टोचून हिच्या बोलण्यातही सुई आली आहे.

पप्पा म्हणाले, ठीक आहे. पप्पांनी मला पहिली दोन वर्षं शाळेत न घालता घरीच शिकवलं. ओसरीवर, पाटी घेऊन. रोज संध्याकाळी पाटीवर एक ओळ लिहायची: आज माझं काय चुकलं. त्या पाटीचीच पुढे ही वही झाली. घरचे नियम दोन. खोटं बोलायचं नाही. विचारलं तेवढंच सांगायचं.

आज माझं काय चुकलं: काही नाही.

गुरुवार, ६ मार्च
सकाळी ७.००

पावणेसहाला मिक्सर लावला. वहिनी केस पिंजारलेल्या अवस्थेत दारात. म्हणाली, मी काल रात्री साडेदहाला कामावरून आलेय. मी सांगितलं, लसूण ठेचल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवावा लागतो, त्यामुळे उशिरा सुरू करून चालत नाही. ती म्हणाली, डॉक्टरीणबाई, गाजरात साखर असते हे कोर्समध्ये होतं का?

होतं. पण तिला सांगण्यात अर्थ नाही.

ऑस्करने एक घोट घेतला आणि ऑफिसला उशीर झाल्याचं त्याला आठवलं. वहिनीने घेतलाच नाही. पप्पांनी पेला हातात धरून बराच वेळ आवळ्याविषयी माहिती विचारली.

अन्न टाकणं हे पाप आहे. ऑस्करचा आणि वहिनीचा वाटा मी प्यायले.

शनिवार, ८ मार्च

ऑस्कर सकाळी बाथरूममधून पांढराफटक पडून बाहेर आला. वहिनीला बाजूला घेऊन कुजबुजला. मग दोघांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. रात्रीच्या कोशिंबिरीत बीट होतं. बीटाचा रंग काही जणांच्या लघवीत उतरतो, निरुपद्रवी आहे, हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, मी मनातल्या मनात इच्छापत्र केलं होतं.

ऑस्कर फुटला. दुपारी पावाचा वास आला.

मिक्सरचं भांडं सापडत नाही. वहिनी म्हणते, मला विचारू नकोस. विचारलं नाही. ट्यूशनच्या पैशातून छोटा ज्यूसर घेतला.

सोमवार, १० मार्च
रात्री ८.३०

मोठी प्रगती. पप्पा स्वतःहून म्हणाले, बाटली संध्याकाळी भरून देत जा, मी ती बाहेर घेऊन जातो. घरात सँड्राला वासाचा त्रास होतो. मी म्हटलं, गुडघा? म्हणाले, बघतो. सहाला गेले, सव्वाआठला आले. मी विचारलं, संपली का बाटली? म्हणाले, संपली. थेंब नव्हता. धुऊनसुद्धा आणली होती.

वहिनीने ऐकलं. मी मुद्दाम दुसऱ्यांदा, मोठ्याने विचारलं. पप्पा दुसऱ्यांदा म्हणाले, संपली.

ज्याला अक्षर शिकवलं त्याच्याकडून माणूस औषधही शिकतो. हे वाक्य माझ्या व्याख्यानात घ्यायचं. (व्याख्यान अजून ठरलेलं नाही.)

शुक्रवार, १४ मार्च

फ्रिजची फाळणी. वरचे दोन कप्पे माझे, खाली त्यांचे. खालच्या कप्प्यात काल हलवा होता, गोड नव्हे, खाऱ्या पाण्यातला, वहिनीने बाहेरून तळलेला आणलेला. मी झाकण नीट बसवलं. वहिनी म्हणाली, माझ्या डब्याला हात लावायचा नाही. मी म्हटलं, वास माझ्या पालेभाजीला लागतो. ती म्हणाली, लागू दे, निदान चव तरी येईल.

ऑस्कर मध्ये पडला नाही. तो कधीच पडत नाही. तो टीव्हीचा आवाज वाढवतो.

आज माझं काय चुकलं: झाकण बसवण्याआधी एक तुकडा पाहिला. (दुरुस्ती: खाल्ला.) हलव्यात ओमेगा-थ्री असतं, हे खरं आहे. पण मी त्यासाठी खाल्ला नाही.

बुधवार, १९ मार्च
सकाळी ७.२०

वहिनीने पप्पांचं बोट टोचलं. १८१.

दोन आठवड्यांत सदतीसने खाली. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, गोळ्या वेळेवर जातायत. गोळ्या वर्षभर वेळेवर जातायत, मी म्हटलं, तूच मोजून देतेस की. तिने कापूस डब्यात टाकला आणि पप्पांच्या चपलांकडे बघत राहिली. चपलांचे तळ झिजलेत, म्हणाली, गुड फ्रायडेआधी नव्या आणायला हव्यात. विषय बदलायची ही तिची नेहमीची पद्धत.

बाटलीत कारलं वाढवलं. दीडपट.

शनिवार, २२ मार्च

नायगावच्या टॉवरमध्ये माझ्या एका विद्यार्थिनीचा वाढदिवस. नाही म्हणणं उद्धट दिसलं असतं. केकचे दोन तुकडे. केकवर चेरी होती, आणि चेरीत अँथोसायनिन असतं. समोसाही खाल्ला. बटाट्यावर काही सुचत नाही.

बुधवार, २६ मार्च
सकाळी ८.००

माझे तळहात नारिंगी झाले आहेत.

प्रथम वाटलं, हळद. साबणाने धुतले, लिंबाने घासले. तळपायही तसेच. नाकाच्या दोन्ही बाजूही. ऑस्कर म्हणाला, कावीळ. वहिनी धावत आली. पहिल्यांदा तिने मला टोमणा न मारता हात धरला, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि तिथेच, डायनिंग टेबलावर रक्त काढलं. मला थोडं बरं वाटलं. हे लिहायला नको होतं.

संध्याकाळी ७.००

बिलिरुबिन नॉर्मल. डोळ्यांतलं पांढरं पांढरंच आहे. वहिनी म्हणाली, कॅरोटीन आहे, दुसरं काही नाही. तू स्वतःची बाटली पितेस, वर ऑस्करची, वर माझी. तीन माणसांचं गाजर एका अंगात गेलंय. बंद केलंस की उतरेल.

म्हणजे संयुगं अंगात उतरतात, हा प्रयोगशाळेचा पुरावा झाला. मी हे सांगितल्यावर तिने पप्पांना बोलावून त्यांचे दोन्ही तळहात उताणे करून पाहिले. दिव्याखाली नेऊन पाहिले. पप्पांचे हात नेहमीसारखे. मग ती हसली. पप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, सँड्रा, चहा ठेव.

मला हे थोडं खटकलं. दोन तास विचार केला. उत्तर मिळालं: माझं शरीर निरोगी आहे, त्यामुळे कॅरोटीन पडून राहतं. पप्पांच्या शरीराला गरज आहे, त्यामुळे ते सगळं वापरून टाकतं. शिल्लकच राहत नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल
दुपारी १२.३०

१३८.

रिक्षातून उतरल्या उतरल्या लिहिते आहे. डॉक्टर म्हणाले, काय केलंत मास्तर? पप्पा म्हणाले, मुलीने बाटली सुरू केली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी तळहात दाखवले. ते खुर्चीत जरा मागे सरकले.

ऑपरेशन ९ तारखेला.

वहिनीला फोन केला. ती म्हणाली, छान. हरल्यावर माणसाने एवढंच बोलावं.

रविवार, ६ एप्रिल
दुपारी ३.००

व्याख्यान झालं. महिला मंडळाच्या बेलामावशींनी मिस्सानंतर वीस मिनिटं दिली. विषय, रंगीत ताट आणि निरोगी घर. मी पंचेचाळीस मिनिटं घेतली. झाड पळू शकत नाही, इथून सुरुवात केली. पप्पांचे तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले: २१८, १८१, १३८. सतरा बायकांनी कृती उतरवून घेतली. टाळ्या मिळाल्या.

प्रश्न दोनच आले. पहिला, ही कावीळ किती दिवसांची आहे. दुसरा, संसर्गजन्य आहे का. चहाच्या वेळी माझ्या बाकावर मी एकटीच होते. समोसे मात्र सगळ्यांनी खाल्ले. मंडळाला यावर वेगळं व्याख्यान लागेल.

पप्पा शेवटच्या रांगेत बसले होते. पूर्ण वेळ मान खाली. मी समजू शकते. आपल्या मुलीला फळ्यासमोर उभं पाहून कुठल्याही मास्तरला भरून येईल.

बुधवार, ९ एप्रिल

ऑपरेशन झालं. वीस मिनिटं. पप्पा काळा चष्मा लावून बाहेर आले आणि पहिलं वाक्य, भिंतीचा रंग हिरवा आहे होय. मी देवाचे आभार मानले. आभाराच्या यादीत बीटा-कॅरोटीन दुसरं ठेवलं.

आठवडाभर फिरणं बंद. बाटली घरातच द्यावी लागेल.

गुरुवार, १० एप्रिल

पप्पांनी बाटली घेतली, खोलीत नेली, तासाने परत आणली. रिकामी. मी विचारलं, संपली का? ते म्हणाले, बाटली रिकामी आहे.

पहिल्यांदाच उत्तराचे शब्द बदलले. खिडकीखालचा पुदिना ओला होता. सकाळी वहिनीने पाणी घातलं असेल.

बुधवार, १६ एप्रिल
संध्याकाळी ७.५०

पप्पा कुमसार करून आले. ईस्टरपूर्वी आमच्या घरात सगळेच पापनिवेदन करतात. मी सोमवारीच करून आले, चोवीस मिनिटं लागली, मागे रांग लागली होती. पप्पांना पाच मिनिटं पुरतात. आज बराच वेळ लागला.

आले ते सरळ माझ्यासमोर बसले. काळा चष्मा काढला. म्हणाले, इनेझ, फादरनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना दिलेली नाही. घरी जाऊन मुलीशी बोला, म्हणाले. मी ती बाटली एकदाही प्यायलो नाही.

मी म्हटलं, तुम्ही म्हणत होतात, संपली.

म्हणाले, संपायचीच ती. रॉबर्टच्या दारात जास्वंद आहे, तिला घालायचो. तू विचारलंस संपली का, कोणी संपवली ते विचारलं नाहीस.

रॉबर्ट म्हणजे पाचूबंदरचा. बोटीवाला. पप्पांचा जुना विद्यार्थी. पापडीच्या आमच्या घरापासून पाचूबंदर तीन किलोमीटर. येऊन-जाऊन सहा. मी मनात बेरीज केली. महिनाभर, रोज सहा किलोमीटर. अकरा वर्षं डॉक्टर ज्यासाठी हात जोडत होते ते.

आणि तिथे काय खायचात, हे मी विचारलं. विचारलं नसतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, दोन बोंबील, अर्धी भाकरी, कधी मांदेली. भात नाही, भाताला मी हात लावला नाही, तुझी शपथ.

दरवाजात वहिनी उभी होती. तिला सव्वीस मार्चपासून माहीत होतं. तळहात पाहिले तेव्हाच कळलं, म्हणाली. मी विचारलं, मग सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, साखर उतरत होती. मी कशाला बोलू? तू कारलं वाढवलंस त्या दिवशी तर ते पंधरा मिनिटं लवकर निघाले होते.

या घरात मी कोणाशीही बोलणार नाही.

गुरुवार, १७ एप्रिल
दुपारी १.१५

पप्पांच्या डोळ्यात दिवसातून सहा वेळा थेंब घालावे लागतात. घालते. बोलत नाही. ते वर बघतात, मी थेंबाकडे बघते.

फक्त त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणं बरोबर नाही, म्हणून सकाळी चालत पाचूबंदरला गेले. पन्नास मिनिटं. मासळीचा लिलाव आटोपला होता, बायका टोपल्या धूत होत्या. रॉबर्ट जाळं शिवत होता. माझे हात पाहून त्याने आधी खुर्ची दिली, मग पाणी दिलं. मी थेट विचारलं.

तो म्हणाला, मास्तर रोज यायचे. घामाघूम. आधी बाटली झाडाला, मग बसायचे. पयल्या दिवशी गटारात ओतायला निघाले होते. मी बोललो, मास्तर, दवा कोनाची? बोलले, मुलीची. मग मी बोललो, मुलीची हाय तर गटारात नको. झाडाला घाला.

मी म्हटलं, पण तू त्यांना मासे देत होतास. तो म्हणाला, पाचवीत मला पाढे येईनात तेव्हा मास्तरांनी घरी बसवून शिकवलं. ते दारात आले आन् बोलले, रॉबर्ट, माझ्या घरात चाळीस दिवस मासा नाही. मी काय करनार होतो?

जास्वंदीचं काय झालं ते मी विचारलं नाही. कुंपणापाशी एक काळी काडी उभी होती.

परतताना पाय दुखले. पप्पा अडुसष्ट वर्षांचे आहेत. हे अंतर त्यांनी रोज तोडलं, माझ्या पाककृतीपासून दूर जाण्यासाठी.

रविवार, २० एप्रिल. ईस्टर
सकाळी १०.००

काल पप्पांनी वाचलं. चष्म्याशिवाय. आधी दिवे बंद होते, हातात मेणबत्त्या. मग दिवे लागले आणि ते पायऱ्या चढून गेले. एका ओळीवर थांबले, मला वाटलं अडखळले. अडखळले नव्हते. अक्षरं इतकी स्वच्छ दिसतायत हे बघत होते बहुतेक. मग पुढे वाचलं, शेवटपर्यंत. वहिनीने माझा हात धरला होता. मी सोडवला नाही.

घरी आल्यावर मी पप्पांना म्हटलं, हॅपी ईस्टर. हे बोलण्यात धरायचं की नाही, ठरवलेलं नाही.

आज मटण आहे. मी खाणार आहे. मटणाबरोबर कांदा असतो, कांद्यात क्वेर्सेटिन असतं.

मंगळवार, २२ एप्रिल
संध्याकाळी ६.००

सतरा बायकांना मी चुकीचा पुरावा दिला. आकडे खरे, कारण खोटं. दोन रात्री झोप नाही. सतराही घरी जाऊन दुरुस्ती सांगायची, असं ठरवलं. पत्त्यांसाठी आधी बेलामावशींकडे गेले. सगळं सांगितलं. माफी मागितली. त्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, बस गं. कोणाकडे जाऊ नकोस. एकीनेही केलेली नाही ती बाटली.

मी म्हटलं, पण सगळ्यांनी लिहून घेतलं.

त्या म्हणाल्या, तू मास्तरांची पोर. तुझ्यासमोर न लिहून कसं चालेल?

निर्णय: बाटली बंद. ज्यूसर खोक्यात. फ्रिजवरचा तक्ता काढला, वहिनीने त्याजागी पोळीवाल्या बाईंचा नंबर लावला. संयुगं खरी आहेत, यावर मी ठाम आहे. भाजी भाजीसारखी ताटात वाढली असती तर कदाचित सगळ्यांनी खाल्लीही असती. हे कोर्समध्ये नव्हतं.

शुक्रवार, ९ मे

तळहात जवळजवळ पूर्वीसारखे. घरात शांतता. मासे आता घरीच शिजतात, त्यामुळे पप्पांना पाचूबंदरला जायचं कारण उरलं नाही. रॉबर्टच स्कूटरवरून आणून देतो. पप्पा दोन्ही वेळा पेपर वाचतात, जाहिरातींसकट. मी म्हटलं, फिरून या. त्यांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं.

सोमवार, २६ मे
दुपारी १.००

डावा डोळा. जूनअखेरची तारीख मिळाली असती. साखर १९६.

डॉक्टर म्हणाले, मागच्या वेळी जे काही केलंत ते परत करा. मी जमिनीकडे पाहिलं. पप्पांनी छताकडे.

रिक्षात मी सुचवलं, पप्पा, नुसतं पाचूबंदरपर्यंत जाऊन या. ते म्हणाले, नुसतं कशाला जायचं?

मंगळवार, २७ मे
संध्याकाळी ५.४०

वहिनी तुळिंजहून आली ती पिशवी घेऊन. ओट्यावर रिकामी केली. दोन किलो गाजरं, लाल भोपळ्याची फोड, लसूण, आणि कारली, भरपूर. मग आपल्या कपाटातून मिक्सरचं भांडं काढलं. मार्चपासून न सापडलेलं. पुसून माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, घरात आजपासून परत मासे बंद. ऑस्करला मी सांगितलंय. रॉबर्टलाही फोन केलाय, त्याने नवी जास्वंद लावली आहे.

मी म्हटलं, तुझा तर यावर विश्वास नाही.

ती म्हणाली, माझा तुझ्या हाताच्या चवीवर पूर्ण विश्वास आहे.

मी गाजरं धुवायला घेतली. मग विचारलं, कारलं किती घालू? ती म्हणाली, मागच्यापेक्षा जास्त.

६.१०

मिक्सरचा आवाज थांबला तेव्हा पप्पा नव्या चपला घालून दारात उभे होते. मी बाटली हातात दिली आणि म्हटलं, संपवून या.

संपवतो, म्हणाले.

दोघंही खोटं बोललो नाही.